वळणाखालचा कापूस

देवघरात बसून मी देवाशी सगळं बोलते, पण एवढी एक गोष्ट तिथेही वगळत आले. लेकीला सांगितली नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि ज्यांना सांगायला हवी होती ते — आमचे हे, विश्वासराव — आता नाहीत. मग तुम्हालाच काहून सांगते आहे? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. बसा जरा. मी फिरून फिरून बोलेन. सरळ मुद्द्यावर येणं मला जमलं असतं तर ही वेळच आली नसती.

ऐकायला अगदी फालतू वाटेल. खेळण्यातली एक आगगाडी, तिच्या रुळाखाली लावायच्या कॉर्कच्या पट्ट्या आणि चिमूटभर कापूस. यात कोणी मेलं नाही, कोणाचं घर जळलं नाही. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रोज पेपर उघडला की जे वाचायला मिळायचं, त्यापुढे हे काय? — असंच मी मनाला समजवत आले. मन समजलं असतं तर बरं झालं असतं.

हे कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची आणि हे एकेका गाडीतून मूठभर कापूस उपसून दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचे. धागा किती लांब, किती पक्का, ओल किती, सगळं त्या चिमटीत कळायचं. नजर भलतीकडेच असायची. बोट सांगते, म्हणायचे. मला पाहायला फुलसावंगीला आले होते तेव्हासुद्धा गादीवरची चादर चिमटीत धरून बसलेले, माझ्याकडे मान वर करून पाहिलंच नाही. माझा दादा तेवढ्यावरून चिडला होता. मला मात्र आवडलं होतं ते. उगाच टकमक बघणारा माणूस नाही, असं वाटलं.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. सरकारी खरेदी आटत गेली, व्यापारी गावोगाव काटे लावून बसले, आणि एका हंगामात आमचं केंद्र उघडलंच नाही. हे घरी बसले. त्याच सुमारास उजवा हात थरथरायला लागला. फार नाही हो — चहाचा कप उचलला की बशी जराशी वाजायची. पण यांच्या वडिलांचा हात असाच गेला होता. शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत जायचा नाही, सून भरवायची. ती सून म्हणजे मीच. त्यामुळे बशी वाजली की हे तिच्याकडे बघत राहायचे आणि मी दुसरीकडे बघायची. पुढे मी चहा बशीशिवाय द्यायला लागले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आणि मग ती गाडी घरात आली.

नागपूरच्या यांच्या मावसभावाकडे मुलाचा जुना खेळ पडून होता — विजेवर चालणारं छोटं इंजिन, काही डबे, रुळांचे तुकडे. हे तिकडे गेलते, तर खोक्यात भरून घेऊन आले. यांचं लहानपण छोट्या गाडीच्या स्टेशनामागे गेलेलं. मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, तिला घाई म्हणून कशी ती नव्हतीच. ती गाडी, ते स्टेशन, पुढचं वळण, नाल्यावरचा पूल — सगळं प्लायवर उभं करायचं, असं यांच्या मनात आलं. मी हसले. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि हे काय पोरखेळ? पण पहिल्या दिवशी त्यांनी पेन्सिलीनं प्लायवर रुळाची रेघ मारली, वळणासकट, आणि मला हाक मारून दाखवली. रेघ कुठेही थरथरली नव्हती. आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मला समजलं होतं. म्हणजे बघा, मला सगळं समजत होतं. न समजून केलं असं मला म्हणता येत नाही.

रूळ नुसत्या प्लायवर ठेवले तर गाडी डबा बडवल्यासारखी वाजायची. यांना तो आवाज सहन होईना. छोटी गाडी अशी वाजत नव्हती, मातीवरून जायची ती, म्हणायचे. रुळाखाली मऊ बैठक पाहिजे. मग त्या बैठकीचा शोध सुरू झाला, आणि बाप्पा, काय सांगू. आधी थर्मोकोल आणला. त्याला चिकटवायला सोल्युशन लावलं तर थर्मोकोलच विरघळून खळगे पडले आणि घरभर वास. मग चांभाराकडून चपलेच्या रबराचे तुकडे आणले. त्यावर गाडी अशी हिंदकळायची की डब्यातल्या लोकांना उलट्या झाल्या असत्या. मग पुठ्ठा. पुठ्ठा पहिल्याच डिंकानं फुगला. शेवटी मोटारीच्या सामानाच्या दुकानात यांना कॉर्क दिसलं, इंजिनात पॅकिंग म्हणून घालतात ते. एक तुकडा चिमटीत धरला, दाबला, सोडला आणि तिथंच म्हणाले, "हेच." घरी आले ते शीळ घालत. कितीतरी महिन्यांनी शीळ ऐकली मी.

कॉर्कच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी मधून उभी चिरायची, म्हणजे वळणावर ती नीट वाकते. अर्धी पट्टी रेघेच्या या बाजूला, अर्धी त्या बाजूला. बाहेरची कड तिरपी कापायची. पांढरा डिंक पातळ पसरायचा, टाचण्या टोचायच्या, वरून वजन. वाळलं की काचकागदानं घासून सपाट करायचं. बाहेरची पट्टी हे लावायचे, आतली मी. हो, मीही लावत होते. दुपारभर कूलरपुढे दोघं गुडघ्यावर बसून. ते दिवस चांगले होते — हे मला कबूल करायलाच पाहिजे, कारण पुढे मी असं वागले की जणू नव्हतेच.

चांगले होते, तरी मी आतून धुमसत होते. पापड-कुरडयांच्या ऑर्डरी मी घ्यायची, लेक सुषमा कॉलेजात होती, आणि हे दिवसभर कॉर्क घासत होते. दादानं लोहाऱ्याला एमआयडीसीत एका गोदामावर यांच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. गेटावर बसायचं, आलेल्या-गेलेल्या गाड्या बघायच्या. दादा दर आठवड्याला विचारायचा. हे म्हणायचे, "एवढं वळण होऊ दे, मंग जातो." मग पूल होऊ दे. मग स्टेशन. दादापुढे माझी मान खाली जायची. माझा नवरा खेळण्यात रमला आहे, असं भावजय बोलली म्हणे. ते मला फार लागलं.

त्या वळणावर, पुलाच्या अलीकडे, प्लायचे दोन तुकडे जुळत होते. एक तुकडा नखभर खाली बसला होता, तर तिथे लहानसा खड्डा राहिला. हे बाजारात निघाले होते. जाता जाता मला म्हणाले, "तिथं भुसा न् डिंक कालवून भर. वाळू दे चांगला. मंग कॉर्क लावू." लाकडाचा भुसा डब्यात होता, पण तळाला गेलेला. सुताराकडून आणायचा तर उन्हात चौकापर्यंत जावं लागलं असतं. आणि मी चिडलेली. सकाळीच दादाचा फोन येऊन गेला होता. समोर माझी वातींची परडी होती, साफ केलेला कापूस. आम्हा बायकांना कुठेही फट दिसली की कापूसच आठवतो — उशी असो, दुखरा दात असो, कान असो. मी कापूस घेतला, डिंकात बुडवला, खड्ड्यात कोंबला, वरून बोटानं दाबला. वरवर डिंकाचा थर दिला. उन्हाळाच तो, तासाभरात दगडासारखा वाळला.

हे आले. वरून बोट फिरवलं, डोळे मिटून. "एकदम बरोबर बसलं," म्हणाले. आणि खरंच बरोबर होतं. ऐकताय ना? तेव्हा ते सपाटच होतं. यांचं बोट खरं बोललं होतं.

गौरी-गणपतीत आमच्याकडे आरास म्हणून ती गाडीच मांडली. कॉलनीतले लोक दर्शनाला येणार होते, केंद्रावरचे यांचे जुने सोबतीही. हे सकाळपासून नवा शर्ट घालून तयार. आठ-पंधरा दिवस पावसाची झड लागली होती. भिंतींना ओल, पापड डब्यात मऊ पडलेले, काड्यापेटी पेटत नव्हती. आरती झाली, लोक गोल करून उभे राहिले. यांनी बटण दाबलं. गाडी निघाली, स्टेशन सोडलं, काय सुरेख आवाज होता तो, आणि वळणावर आली तशी आडवी झाली. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. पुन्हा लावली. लोक हसले. वाईट नाही हसले, लहान पोर पडल्यावर हसतात तसंच. केंद्रावरचे एक जण बोलून गेले, "विश्वासराव, हात पयल्यासारखा राह्यला नाही वाटते आता." त्या बिचाऱ्यांना हाताचं काहीच माहीत नव्हतं. हे हसले. हात पाठीमागे घेतला.

लोक गेल्यावर हे वळणापाशी वाकून बसले. बोट फिरवलं. आतली कड कणभर वर आली होती. कणभरच, पण एवढ्याशा गाडीला तेवढी पुरे. मी प्रसादाची ताटं उचलत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तो गड्डा तू भुशानंच भरलता नं?"

काय सांगू तुम्हाला. मला त्याच क्षणी कळलं होतं. पावसाची ओल, कापूस, फुगला — सारा कापसाचा जन्म आमचा, मला हे कळायला का वेळ लागतो? एवढंच म्हणायचं होतं की नाही हो, भुसा नव्हता, कापूस कोंबला मी. हे रागावले नसते. हसलेच असते वर. ग्रेडरची बायको न् ओलीचा हिशेब नाही, असं काहीतरी म्हणाले असते आणि दुसऱ्या दिवशी कॉर्क उचलून पुन्हा बसले असते. तीच तर अडचण होती. ते पुन्हा बसले असते.

मी म्हटलं, "हो. भुशानंच."

त्यांनी तेच बोट पुन्हा एकदा कडेवरून फिरवलं. मग म्हणाले, "मंग माहं बोटच चुकलं."

मी ताटं घेऊन आत गेले.

आता तुम्हाला वाटेल, घाबरून बोलली. तसं नव्हतं. मनात एक हिशेब होता — वाईट वाटेल चार दिवस, नाद सुटेल, लोहाऱ्याला जातील. आणि त्या हिशेबाच्याही खाली, सांगायला जीभ उचलत नाही, पण एक थंडावा वाटला होता मला. गाडी पडली तेव्हा. लोक हसले तेव्हा. भावजयीचं बोलणं मी इतके दिवस गिळत होते, आता तुम्हीही थोडं गिळा — असं काहीसं. माझ्याच माणसाबद्दल. त्यांनी माझं काय केलं होतं?

पुढच्या आठवड्यात दादा यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. हाताचं त्यांनी आपणहून सांगितलं होतं दादाला. घरात मी एकटी. मी सुरीनं वळणावरचं कॉर्क उचललं. खाली कापूस ओला, फुगलेला, वासही यायला लागलेला. तो सगळा कोरून काढला, चुलीत घातला. चौकात जाऊन सुताराकडून भुसा आणला — तेव्हा बरी गेले बघा — डिंकात कालवून भरला, स्टोव्हच्या धगीनं शेकून वाळवला, कॉर्क पुन्हा बसवलं, रूळ बसवले. बटण दाबून पाहिलं. गाडी वळणावरून सरळ निघून गेली. मला वाटलं, झालं. हे आता कधीतरी चालवून बघतील, चालेल, आणि मला काही सांगावं लागणार नाही. इतकी हुशार होते मी.

डॉक्टर म्हणाले होते, हाताला विशेष काही नाही, वडिलांसारखं तर मुळीच नाही. धास्तीनं होते असं. हाताला बारीक काम ठेवा, मोकळा होईल. दादानंच मला सांगितलं. मी यांना म्हटलं, "एकदा चालवून पाहा नं गाडी." हे म्हणाले, "कायले? पडणारच ते." मी पुन्हा म्हटलं. तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची थट्टा करते आहे. "डॉक्टरले काय समजते," म्हणाले. "मले बोटानं सपाट सांगितलं न् ते सपाट नव्हतं. आणखी काय पाहू?"

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला? दादा बाहेरच्या खोलीत बसला होता. सोमवारपासून लोहाऱ्याला येतो, असं हे त्याला सांगून बसले होते. बोलले असते तर सोमवार गेला असता. मी चहा टाकायला उठले.

प्लाय कपाटामागे उभा केला, इंजिन खोक्यात गेलं. हे लोहाऱ्याला जायला लागले. गेटाचा दांडा वर करायचा, खाली करायचा. गोदामात कापसाच्या गाठी यायच्या, त्यांना यांनी कधी हात लावला नाही. घरातही एकेक सुटत गेलं. दाढी करायला न्हाव्याकडे जायला लागले. संत्रं सोलून मागायचे. फुलसावंगीचा पहिल्या वेचणीचा कापूस दादा दरवर्षी कौतुकानं आणायचा, जवाई काय म्हणतात म्हणून यांच्यापुढे धरायचा. त्या वर्षी यांनी हात खिशातून काढलेच नाहीत. "आता नाई समजत," म्हणाले. दादाला वाटलं, हे रुसले. आणि हात — डॉक्टरांनी काही नाही म्हटलेला हात — त्याची थरथर खरंच वाढत गेली. हात आपला नाही असं माणूस धरून चालला की तो कोणाचा राहतो?

दरवर्षी वाटायचं, सांगू. जितकी वर्षं जात होती तितकं ते मोठं होत होतं. पहिल्या दिवशी ती चिमूटभर कापसाची गोष्ट होती. नंतर ती त्यांच्या लोहाऱ्याच्या सगळ्या वर्षांची गोष्ट झाली. ते सगळं त्यांच्यापुढे ठेवून मी काय म्हणणार होते?

एक प्रसंग सांगते आणि थांबते.

सुषमाचं लग्न नोंदवायला आम्ही यवतमाळच्या ऑफिसात गेलतो. साक्षीदार म्हणून बापाची सही पाहिजे होती. नवऱ्याकडची मंडळी मागे उभी, सुषमा हिरव्या साडीत. बाबूनं रजिस्टर यांच्यापुढे सरकवलं, पेन दिला. यांनी पेन हातात घेतलाच नाही. शाईच्या पॅडकडे बोट केलं. बाबूनं वर पाहिलं. पांढरा शर्ट, चष्मा, नीट भांग पाडलेला माणूस. "सही येत नाही का, काका?"

हे बी.कॉम. होते. अक्षर असं की केंद्रावरचे सगळे फलक यांच्याकडूनच लिहून घ्यायचे.

"नाई येत," म्हणाले.

सुषमा खाली बघत होती. तिच्या सासऱ्यांनी खिडकीकडे तोंड केलं. बाबूनं यांचा अंगठा धरून पॅडवर दाबला, रजिस्टरवर उमटवला. तिथल्या भिंतीवर लोकांनी अंगठे पुसून पुसून काळे पट्टे पडलेले. हे भिंतीकडे वळले, तर मी पुढे होऊन त्यांचा हात धरला, आणि माझ्या नव्या साडीच्या पदरात त्यांचा अंगठा पुसू लागले. दोन्ही हातांत धरून, सावकाश. आणि मला जाणवलं की तो हात थरथरत नाहीये. जरासुद्धा नाही. त्यांना ते कळत नव्हतं. मला कळत होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला, मागं लोक उभे आहेत."